अंगण कोणासाठी?

कोकणात पावसाळा सरला की घरोघरी अंगण करण्याची लगबग सुरू होते. पावसाने उखडलेली माती सारखी करावयाची, तीवर पाणी शिंपडावयाचे, लाकडी चोपण्याने ती ठोकून घट्ट बसवावयाची आणि शेवटी शेणाने सारवावयाची. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते ते या नव्या अंगणात. मिरच्या वाळतात, मुलांचे खेळ रंगतात, तेही येथेच. आणि आला-गेला प्रथम थांबतो तोही येथेच. अंगण घराच्या मालकीचे खरे. पण त्याचा निम्मा उपयोग घराबाहेरच्या माणसांना होतो.

अलीकडे पुष्कळ घरे बांधताना याचा विसर पडलेला दिसतो. उंच भिंत, लोखंडी फाटक, त्यावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आणि आत गुळगुळीत लाद्या! दिसावयास हे सारे नीटनेटके असते. परंतु अशा लाद्यांवर पावसाळ्यात पाय घसरतो आणि वैशाखात तो भाजतो. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता सरळ रस्त्याकडे धावते; मग परसातल्या विहिरीस ते कोठून मिळावे? आलेल्या माणसाने उभे कोठे राहावे, हा विचार तर कोणी केलेलाच नसतो.

म्हणून सर्वांनी पुन्हा मातीचे अंगण करावे काय? तसा आग्रह धरणे योग्य नव्हे. सारवलेले अंगण डोळ्यांना सुखविते; पण त्यासाठी कंबर वाकते ती घरच्या स्त्रियांची, आणि कौतुक करणारे बहुधा ओट्यावर बसलेले असतात. खडबडीत शहाबादी फरशा वाळूवर बसवून मधल्या फटी सिमेंटने बुजविल्या नाहीत, तर चिखलही होत नाही आणि पाणीही मुरते.

अंगण आखताना दारापर्यंतची वाट आधी ठरवावी. ती सरळ दिसावी आणि दोन माणसे बोलत बोलत चालू शकतील इतकी, म्हणजे सुमारे ४ फूट रुंद असावी. गडगा ३ फुटांहून उंच नसला, की वाटेने जाणाऱ्याची आणि घरातल्यांची सहज दृष्टभेट होते. दाराशेजारी दगडी कट्टा अवश्य हवा. घरात कोणी नसले तरी आलेल्या पाहुण्यास तेथे वाट पाहता येते. ओझे घेऊन आलेल्यास ते उतरविता येते. कट्टा उन्हात असेल तर मात्र तो असून नसून सारखाच. पश्चिमेकडे एखादे झाड असले, तर दुपार कलल्यावर त्यावर सावली पडते. वड-पिंपळ घराजवळ लावू नयेत. त्यांची मुळे भिंतीत शिरतात. पारिजातक मात्र कुंपणालगतच लावावा. त्याची निम्मी फुले पहाटे बाहेरच्या वाटेवर पडतात आणि शेजारची मुले ती ओंजळीत वेचून नेतात. काहींना हेसुद्धा नुकसान वाटते!

शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांस अंगण नसते. परंतु दारापुढे चार हात जागा असतेच. तेथे बहुधा चपलांचा ढीग आणि अडगळ साठलेली असते. ती हलवून भिंतीशी एक लहानसे स्टूल ठेवले, तर गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जिने चढून आलेला माणूस तेथे घटकाभर बसू शकेल. त्याला पाणी विचारावयास मग घरच्या मुलांनी दार उघडावे.