बाजार ऑनलाइन झाला, पण खरेदीदार कुठे आहे?

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या देवणी तालुक्यातल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच साच्यातले संदेश फिरत आहेत. 'नवी ऑनलाइन बाजारपेठ सुरू. नोंदणी मोफत. घरबसल्या देशभरातल्या कंपन्यांकडून ऑर्डर मिळवा.' बाजारपेठेचे नाव दर वेळी वेगळे असते, मजकूर मात्र तोच. आपली मुले नोंदणी करतात, आधार आणि पॅन क्रमांक देतात, मालाचे फोटो टाकतात. मग महिनोनमहिने वाट पाहतात. ऑर्डर येत नाही आणि मुले म्हणतात, 'धंदा आपल्या नशिबातच नाही.'

आमचे म्हणणे असे आहे की हा नशिबाचा प्रश्न नाही. प्रश्न या बाजारपेठांच्या मार्केटिंगचा आहे, आणि त्या मार्केटिंगमध्ये आपली जागा कोणती आहे याचा आहे.

देवणीचा बाजार काय शिकवतो?

देवणीचे नाव देशभर गेले ते इथल्या गोवंशामुळे. शेतीकामाला बैल आणि दुधाला गाय, असा दुहेरी उपयोग असलेली ही जात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदे होत आले. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. दलालाचा फायदा ठरलेलाच असे. पण एक गोष्ट खरी होती. जनावर घेऊन आलेल्या माणसासमोर पैसे घेऊन आलेला माणूस उभा असे. 'आमच्या बाजारात दहा हजार विकणारे आले आहेत' असे सांगून कोणी शेतकऱ्याला बाजारात बोलावले नाही. घेणारे किती आले, हेच तो विचारायचा.

ऑनलाइन बाजारपेठेची जाहिरात नेमकी याच्या उलट चालते. अशा बाजारपेठेला घेणारे आणि विकणारे दोन्ही लागतात. मोठा घेणारा मिळवणे कठीण असते, छोटा विकणारा मिळवणे सोपे. म्हणून नवी बाजारपेठ आधी विक्रेते गोळा करते आणि त्यांचा आकडा जाहिरातीत छापते. त्या आकड्यात आपणही असतो. गुंतवणूकदाराला किंवा मंत्र्याला दाखवायच्या यादीत आपण मोजले जातो, खरेदीच्या यादीत नाही.

बाबासाहेबांच्या नावाचे मार्केटिंग

सरकारी बाजारपेठाही याला अपवाद नाहीत. शेतमालाची ई-नाम ही राष्ट्रीय ऑनलाइन बाजारपेठ सुरू करण्यासाठी दिवस निवडला गेला १४ एप्रिल २०१६, म्हणजे भीमजयंतीचा. ८ राज्यांतल्या २१ बाजार समित्यांपासून तिची सुरुवात झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पैसे पाठवण्याचे अ‍ॅप आले, त्याला 'भीम' नाव दिले. दिवस आणि नाव बाबासाहेबांचे. पण त्या बाजारात बाबासाहेबांच्या माणसाचा वाटा किती, हे जाहिरातीत नसते.

बाजारात जात कशी चालते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. १९१७ मध्ये बडोद्याहून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, सल्ला चांगलाच होता. गिऱ्हाईकही येऊ लागले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले, तसे ते गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला.

आज सांगतात की पडद्यावर जात दिसत नाही. पण पडद्यावर आडनाव दिसते. पत्त्यात 'भीमनगर' किंवा 'सिद्धार्थनगर' दिसते. ऑर्डर पक्की करण्याआधी फोन येतो आणि 'आपण कुठले, कोणाचे' ही चौकशी होते. तंत्रज्ञानाने दुकानाची पायरी काढून टाकली हे खरे. पायरीवर उभे करणारी नजर मात्र पडद्यामागे बसलेलीच आहे.

चार टक्क्यांचा हक्क

म्हणूनच ज्या बाजारपेठेत आपला वाटा नियमाने ठरलेला आहे, तिच्याकडे आधी पाहिले पाहिजे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेली 'जेम' ही सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ आहे. खुर्चीपासून संगणकापर्यंत आणि सफाई सेवेपासून गाडी भाड्याने घेण्यापर्यंत सरकारी कार्यालये तिथून खरेदी करतात. २०२४-२५ या एका वर्षात तिथली उलाढाल ५ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. इथे खरेदीदार शोधावा लागत नाही, तो बसलेलाच आहे.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरलेला भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा आहे. हा भाग आधी २० टक्के होता, २०१८ च्या बदलाने तो २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचे आहेत. म्हणजे १०० रुपयांच्या खरेदीत ४ रुपये आपले. अनामत रकमेतून सूट आहे. मोठ्या कंपनीची सर्वांत कमी बोली १०० रुपये असेल आणि आपली ११५ पर्यंत असेल, तर त्या कमी दराला तयार होऊन पुरवठ्याचा काही भाग आपल्याला मिळू शकतो.

प्रत्यक्षात काय झाले? सुरुवातीची अनेक वर्षे आपला वाटा एक टक्क्यापर्यंतही पोहोचला नाही. कार्यालये सांगतात, 'पात्र विक्रेतेच मिळत नाहीत.' आपली मुले सांगतात, 'ऑर्डरच येत नाही.' दोन्ही बाजू एकमेकांना शोधत आहेत असे वरवर वाटते. पण ४ टक्के गाठले नाहीत म्हणून कोणा अधिकाऱ्याला जाब द्यावा लागत नाही, त्यामुळे तो शोधायला निघतच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झाले ते ही दरी बुजवण्यासाठी. प्रशिक्षण आहे, यंत्रसामग्रीवर २५ टक्के आणि कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानही आहे. पण देवणी, जळकोट, निलंग्याच्या किती तरुणांनी हे नाव ऐकले आहे?

आपण कुठे अडतो?

पहिली अडचण दाखल्याची. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला. तरी आपल्यापैकी अनेकांकडे फक्त राज्याच्या नमुन्यातला नवबौद्ध दाखला असतो. केंद्राच्या कामासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधी काढून ठेवा.

दुसरी अडचण व्यवसायाच्या प्रकाराची. हे खरेदी धोरण माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. एका ठिकाणचा माल आणून दुसरीकडे विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण तिचा लाभ बँकेच्या कर्जापुरता आहे. आपली बरीच मुले व्यापारी म्हणून नोंद करतात आणि मग ४ टक्क्यांची वाट पाहत बसतात. शिवणकाम, छपाई, फर्निचर, वाहनसेवा, सफाई, डाळ व मसाले तयार करणे, अशी कामे पुढे न्या. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

तिसरी अडचण नाव उसने देण्याची. भागीदारीत किंवा कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा आपला असेल, तरच तो उद्योग अनुसूचित जातीचा मानला जातो. पैसा, माल आणि बँक खात्याचा ताबा दुसऱ्याचा आणि सहीपुरते नाव आपले, असा प्रस्ताव घेऊन कोणी आले तर सावध राहा. नफा त्याचा होईल, थकबाकी आणि गुन्हा तुमच्या नावावर राहील.

चौथी अडचण पैसे अडकण्याची. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि 'समाधान' पोर्टलवर तक्रार करता येते. हातात भांडवल नसलेल्या माणसासाठी ऑर्डर मिळण्याइतकेच पैसे वेळेवर येणे महत्त्वाचे आहे.

कार्यकर्त्यांचे काम

आम्हाला वाटते, यापुढे मार्केटिंगची दिशा उलटली पाहिजे. बाजारपेठ आपल्याला शोधत येते ती आकड्यासाठी. आपण खरेदीदाराला शोधत जायचे ते हक्कासाठी. नांदेडचा रेल्वे विभाग, डाक विभाग, बीएसएनएल ही केंद्राची कार्यालये आपल्याच भागात आहेत. माहिती अधिकारात त्यांना एकच साधा प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत एकूण खरेदी किती, आणि त्यातली अनुसूचित जातींच्या उद्योजकांकडून किती? उत्तर घेऊन अधिकाऱ्याला भेटा आणि सोबत आपल्या विक्रेत्यांची यादी द्या. 'पात्र विक्रेते नाहीत' हे वाक्य त्या दिवशी संपेल.

खाजगी बाजारपेठेचा संदेश आला तर तीन गोष्टी विचारा. खरेदीदार किती आणि कोण? गेल्या महिन्यात प्रत्यक्ष ऑर्डर किती? आज मोफत असलेली नोंदणी उद्या किती रुपयांची होणार? उत्तर मिळाले नाही, तर कागदपत्रे देऊ नका.

आणि एक खरेदीदार तर आपल्याच वस्तीत आहे. गावोगावच्या जयंती समित्या दर एप्रिलमध्ये पंचशील ध्वज, निळे कापड, छपाई, मंडप, जेवणाचा शिधा असा सगळा माल वेगवेगळा आणि चढ्या भावाने घेतात. एका तालुक्यातल्या समित्यांनी जानेवारीतच एकत्र मागणी नोंदवली, तर आपल्याच शिवणाऱ्याला, छापणाऱ्याला आणि बचत गटाला पहिली मोठी ऑर्डर मिळेल. जेमवर बोली लावण्याआधी वेळेत माल देण्याचा, पक्के बिल करण्याचा सराव तिथे होईल.

नोंदणी केलेल्या नावांची यादी ही आपली प्रगती नव्हे. वर्षअखेरीस आपल्या खात्यात किती ऑर्डरचे पैसे जमा झाले, तेवढीच मोजायची.

जय भीम.