पार्ट बदलणे म्हणजे रिपेअर नव्हे

जुन्या गाडीत 'व्हायब्रेशन येतंय' म्हटलं की गॅरेजमध्ये एक ठरलेला क्रम सुरू होतो. व्हील बॅलन्सिंग करा. नाही गेलं? इंजिन माउंटिंग बदला. तरी नाही? मग टायर. प्रत्येक पायरीला बिल, आणि थरथर जिथल्या तिथे. माझं स्पष्ट मत आहे, ही दुरुस्ती नव्हे, हा मटका आहे. ऑफिसात एखादा ज्युनिअर बग न शोधता दिसेल ती फाइल बदलत सुटला तर आपण त्याला फाडून खाऊ. गॅरेजमध्ये मात्र त्याच उद्योगाचे पैसे मोजतो!

खरं तर थरथरीला पत्ता असतो. साधं गणित बघा. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरला, तर ताशी ६० किमीला चाक सेकंदाला ८ वेळा फिरतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं तर प्रोपेलर शाफ्ट फिरतो सेकंदाला ३३ वेळा. चाकाचा दोष धक्क्यांसारखा जाणवतो, शाफ्टचा गुणगुणल्यासारखा. आता त्याच वेगाला, मोकळ्या सरळ रस्त्यावर, गाडी क्षणभर न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिन जवळपास सुटलं. एकही बोल्ट न उघडता निम्मे संशयित बाद. आपण याला बायनरी सर्च म्हणतो, एवढंच.

आमच्या काकांची एक जुनी जीप आहे. क्लचचं काम झाल्यापासून ती ताशी ५५ च्या पुढे थरथरायची. गगनबावड्याच्या घाटात काही नाही, कागलच्या बाजूला हायवेला लागली की सुरू. वर सांगितलेले सगळे पार्ट बदलून झाले, शाफ्टचे क्रॉससुद्धा नवे बसले. शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींनी आधी एकच प्रश्न विचारला, "ह्ये कवापास्नं, आन् त्याच्या आदी गाडीचं काय काम केलंतासा?" मग शेजारी बसून एक चक्कर मारली, परत येऊन गाडीखाली गेले, आणि शाफ्टच्या सरकत्या जोडावरच्या दोन खुणा दाखवल्या. त्या समोरासमोर नव्हत्या.

गंमत अशी आहे की शाफ्ट कोनात असला की क्रॉसमुळे त्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. पुढचा क्रॉस घोळ करतो, मागचा तो निस्तरतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. क्लचच्या वेळी शाफ्ट काढला, परत घालताना दाते चुकीच्या जागी बसले, आणि दोन्ही घोळांची बेरीज झाली. म्हणजे पार्ट सगळे शाबूत, जोडणी चुकलेली! मग कितीही नवे पार्ट घाला, काय होणार? संगणक लावून तपासा म्हणाल, तर या जीपमध्ये तसली सोयच नाही. आणि नव्या गाडीतला स्कॅनरही सेन्सर जेवढं सांगतात तेवढंच वाचतो. काटे एका रेषेत आहेत का हे सांगणारा सेन्सर सहसा नसतोच.

मेस्त्रींनी ५०० रुपये सांगितले, तर काका म्हणाले, "नुसता शाफ्ट फिरवून बसवायचे ५००?" पार्टांच्या हजारोंच्या बिलांवर मात्र त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं.

माझा मुद्दा इथेच आहे. दोष गॅरेजवाल्यांवर ढकलणं सोपं आहे, पण आपण शोधण्याचे पैसे देत नाही, वस्तूचे देतो. मग समोरचा वस्तूच विकणार. ज्या गावाने फौंड्री आणि लेथवर नाव कमावलं, तिथे गाडीत नुसतं बसून दोष ओळखणारी माणसं आहेत. त्या ओळखण्याला किंमत नसेल, तर त्यांच्या हाताखालचा पोरगा ते कशाला शिकेल? तो पार्टचे बॉक्स उघडायलाच शिकेल.

तेव्हा पुढच्या वेळी पार्ट बदलायला 'हो' म्हणण्याआधी विचारा: हाच पार्ट कशावरून? आणि कोणी तासभर खपून 'काहीही बदलायची गरज नाही' असं सांगितलं, तर त्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्या. आपल्या कन्सल्टिंगचं बिल तरी दुसरं कशाचं असतं?