बातमीचं कार्ड अर्धं कापलं, तर काय उरतं?

माझ्या हातून एक फेक न्यूज तयार झाली. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, चूक डिझाईनची होती.

मी सावनेरचा. कॉलेज सांभाळून एका छोट्या न्यूज पोर्टलसाठी मोबाईलवर कार्डं बनवतो. कार्ड म्हणजे ती चौकोनी इमेज: वर लाल पट्टी, मध्ये फोटो, खाली दोन ओळींत बातमी. तुमच्याही व्हॉट्सॲपवर रोज येत असतील.

गोष्ट डिसेंबर २०२५ ची. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांचं मतदान २ डिसेंबरला झालं. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. पण काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं होतं, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळे निकाल एकत्र २१ डिसेंबरला लावायला सांगितले. म्हणजे मशीन स्ट्राँगरूममध्ये आणि पानठेल्यावर १९ दिवस नुसत्या चर्चा.

अशा वेळी पोर्टलवाल्या भाऊंचा मेसेज आला: "आपल्या भागातल्या निवडणुकीवर एक कार्ड टाक. त्या मोठ्या चॅनलसारखं दिसू दे जरा." मी पिक्सेललॅब उघडलं. मोठ्या चॅनल्सच्या स्टाईलच्या पीएलपी फाईल्स फुकटात फिरत असतात. त्यातली एक घेतली. डावीकडे एका उमेदवाराचा फोटो, उजवीकडे दुसऱ्याचा. वर पिवळ्या ठळक अक्षरांत डावीकडे "आघाडीवर" आणि उजवीकडे "कोण?" पोर्टलचं नाव उजव्या कोपऱ्यात, बारीक.

कोणीतरी त्याचा डावा अर्धा भाग कापला. उरलं काय? एक चेहरा, त्याच्या डोक्यावर "आघाडीवर", आणि मोठ्या चॅनलचा लाल-पिवळा रंग.

रात्री तेच कार्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आलं. मोठेबाबांनी टाकलं होतं. मी फोन केला तर म्हणाले, "अरे, टीव्हीवाल्यायनं देलं न बे, तू काय सांगतं मले!" त्या कार्डावरून त्यांचं पानठेल्यावर जुन्या मित्राशी भांडण झालं होतं. भाऊंनी मूळ पोस्ट डिलीट केली, पण कापलेलं कार्ड फिरतच राहिलं.

लेख दुरुस्त होतो, कार्ड होत नाही

वेबसाईटवरच्या लेखात चूक झाली तर ती तिथेच दुरुस्त करता येते. लिंक उघडणाऱ्याला नवी आवृत्ती दिसते. कार्ड ही मात्र नुसती इमेज आहे. एकदा फॉरवर्ड झाली की प्रत्येक फोनमध्ये तिची वेगळी कॉपी बसते. तिला लिंक नसते, बऱ्याचदा तारीख नसते, आणि बनवणाऱ्याचा तिच्यावर काहीच ताबा उरत नाही.

छापील पेपर आठवा. शेवटच्या पानावर तळाला बारीक ओळ असते: मालक, मुद्रक, प्रकाशक कोण, कुठे छापलं, संपादक कोण. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. पण मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यापासूनची आहे. इंग्रजांनी ती लक्ष ठेवायला आणली, हे खरं. वाचकाला मात्र त्यातून एक गोष्ट मिळाली: पेपर कुठेही गेला, अगदी त्यात भजी बांधली, तरी जबाबदार कोण ते त्याच कागदावर असायचं.

डिजिटल बातम्यांसाठीही २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी नेमणं आणि १५ दिवसांत तक्रारीवर निर्णय देणं आहे. पण त्या अधिकाऱ्याचं नाव असतं वेबसाईटवर, आणि कार्ड तर वेबसाईट सोडून कधीच निघून गेलेलं असतं.

इमेजच्या आत ओळखपत्र ठेवलं तर?

यावर तांत्रिक उपाय सुरू आहेत. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी अशा संस्थांनी २०२१ मध्ये सी२पीए नावाचा गट केला. फोटो कोणी तयार केला, त्यात काय बदल झाले, याची नोंद फाईलमध्येच डिजिटल सहीसकट ठेवायची, अशी ती पद्धत. कल्पना चांगली आहे. पण व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि फाईलमधली अशी जादा माहिती गळून पडते. स्क्रीनशॉटमध्ये तर ती येतच नाही. म्हणून आपल्याकडच्या कार्डांसाठी सध्या भरवसा एकाच गोष्टीवर: जे डोळ्यांना दिसतं त्यावर. म्हणजे पुन्हा डिझाईनवर.

आर्ट डायरेक्शन म्हणजे भारी फॉन्ट आणि ग्लो इफेक्ट, असं मलाही वाटायचं. खरं काम वेगळं आहे. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीपासून तुटता कामा नये, हे आधी ठरवायचं. त्या रात्रीनंतर मी चार नियम केले:

१. प्रश्नाचं हेडिंग कार्डावर नाही. बातमी असेल तर पूर्ण वाक्य, नसेल तर कार्डच नाही.

२. तारीख, गाव आणि पोर्टलचं नाव कोपऱ्यात नाही, हेडिंगला चिकटून. कापायचं म्हटलं तर हेडिंगही कापलं गेलं पाहिजे.

३. दुसऱ्याचा रंग आणि पट्टी घ्यायची नाही. आम्ही गडद हिरवा रंग आणि 'मुक्ता' फॉन्ट ठरवला. मुंबईच्या एक टाईपचा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे.

४. पोस्ट करण्याआधी कार्ड मधोमध आडवं, मग उभं कापून बघायचं. कोणत्याही तुकड्याचा अर्थ उलटा निघाला तर लेआऊट बदलायचा.

भाऊ आधी कुरकुरले. हिरव्या कार्डाला लाल पट्टीएवढे व्ह्यूज येत नाहीत, आणि तेही खरंच आहे. उसन्या रंगासोबत उसना विश्वास मिळतो, तो सोडला की आकडा पडतो. छोट्या पोर्टलला हा तोटा परवडेल का, हे मला अजून सांगता येत नाही.

आता तुमचं काम

कार्ड आलं की आधी तारीख आणि गाव शोधा. मग त्या चॅनलच्या स्वतःच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर तीच बातमी आहे का बघा. एवढी मोठी बातमी कार्डावर आहे आणि साईटवर नाही, तर थांबा. दुहेरी बाणाचं "अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं" लेबल दिसलं तर जास्तच सावध राहा. पण लेबल नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. स्क्रीनशॉट काढून नव्याने पाठवला की लेबल जातं.

एक गैरसमजही सोडा. "ल आणि श हिंदीसारखे दिसतात, म्हणजे कार्ड फेक" असं काही जण सांगतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श वापरतात हे बरोबर. पण कितीतरी फॉन्ट हिंदी वळणच आधी दाखवतात, त्यामुळे खऱ्या कार्डांतही ते येतं. आणि नकली कार्डात अक्षर अगदी सुबक असू शकतं. अक्षराचं वळण हा पुरावा नाही.

२१ तारखेला निकाल लागले. मोठेबाबा आणि त्यांचा मित्र पुन्हा एकाच बाकावर बसतात. ते कार्ड मीच बनवलं होतं, हे मी त्यांना त्यानंतर सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत. आता कुठलंही कार्ड आलं की आधी मला पाठवतात आणि विचारतात, "यावर तारीख कुठी आहे बे?"