किल्लारीच्या बायांसाठी एक विशेषण

जपानी शिकताना शौर्यासाठी मला पहिलं विशेषण मिळालं ते ‘इसामाशिई’. त्यात रणात उतरणारा योद्धा आहे, कूच करणाऱ्या सैन्याचं गाणं आहे. आपल्या ‘शूर’ला भूतकाळासाठी ‘होता’ जोडावं लागतं. हे विशेषण स्वतःच काळ घेतं. ‘इसामाशिकात्ता’ म्हटलं की शूर होता! दुसरा शब्द ‘यूकान’. चिनी मुळाचा, जरा पुस्तकी. आगीतून कुणाला बाहेर काढणाऱ्याच्या बातमीत शोभणारा.

मी औशाचा. धैर्य म्हटलं की मला आमच्याच तालुक्यातलं किल्लारी आठवतं, आणि तिथे हे दोन्ही शब्द बसत नाहीत. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून माणसं झोपली होती. भूकंपानं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. सुमारे दहा हजार जीव गेले, वर पाऊस. त्यातून उरलेल्या बायांनी पत्र्याच्या शेडमध्ये चुली मांडल्या. पुढे घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात याच भागातल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या, भिंत कशी बांधली तर टिकेल हे गावोगाव समजावू लागल्या. 2001 मध्ये कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथल्या बायांना धीर द्यायला गेल्या. याहून मोठं धाडस मी पाहिलेलं नाही.

त्यांच्यासाठी जपानीत ‘किज्यो’ आहे. ‘कि’ म्हणजे मन, ‘ज्यो’मध्ये मजबुती. घरावर आभाळ कोसळलं तरी सावरून उभी राहते तिला हे विशेषण लावतात. 1995 मध्ये कोबेच्या भूकंपात सहा हजारांवर माणसं गमावलेल्या देशात हा शब्द उगाच नाही. आपल्याकडे अशा बाईला काळजाची घट्ट म्हणतात.

जपानी खेड्यातही शिकता येते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटला जिल्हा परिषद शाळेतली मुलं रोबोटच्या ओढीनं जपानी शिकू लागली. औसा-निलंग्यातही हे व्हायला हवं, आणि मराठीतूनच. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागे, ही घडण आपल्या लेकरांच्या अंगवळणी पडलेलीच आहे. इंग्रजीचा वळसा कशाला? शौर्याचा धडा आला की गुरुजींनी मुलांना आधी घरी पाठवावं, ‘आजी, भूकंपानंतर तू कसं निभावलंस?’ असं विचारून यायला. ‘किज्यो’चं वाक्य त्यांनी त्यानंतर लिहावं.