विश्लेषण : दंगलीनंतर नुसती चर्चा पुरेशी असते का? सिनसिनाटीचा अनुभव काय सांगतो?

पोलिसी अत्याचारात कृष्णवर्णीयाचा बळी, जाळपोळ, संचारबंदी आणि मग सलोख्याच्या बैठका. अमेरिकेत हे चक्र नवे नाही. बैठका होतात, छायाचित्रे छापून येतात आणि सारे विसरले जाते. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात मात्र थोडे वेगळे घडले.

नेमके काय झाले होते?

७ एप्रिल २००१ रोजी ओव्हर-द-ऱ्हाइन भागात पोलिसाने १९ वर्षांच्या टिमोथी थॉमस या नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली. त्याच्यावरील वॉरंट बहुतांश वाहतूक नियमभंगाची होती. १९९५ पासून शहरात पोलीस कारवाईत मरण पावलेला तो पंधरावा कृष्णवर्णीय होता. संतापाचा भडका उडाला आणि महापौरांना संचारबंदी लावावी लागली.

संवाद कसा घडला?

पोलीस वंशभेद करतात, असा दावा दंगलीच्या आधीच, मार्च २००१ मध्ये न्यायालयात दाखल झाला होता. न्यायाधीश सुसान डलॉट यांनी तो नेहमीसारखा लढवण्याऐवजी सर्व पक्षांना वाटाघाटीकडे वळवले. मध्यस्थ जे रॉथमन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय, तरुण, धार्मिक संस्था, व्यापारी, पोलीस व त्यांचे कुटुंबीय अशा गटांतील सुमारे ३,५०० जणांची मते घेतली गेली. प्रश्न साधे होते : पोलीस आणि नागरिकांचे नाते कसे असावे, ते तुम्हाला का महत्त्वाचे वाटते आणि त्यासाठी काय करावे?

त्यातून काय हाती लागले?

एप्रिल २००२ मध्ये करार झाला. त्यावर शहर प्रशासन, पोलीस संघटना आणि दावा करणाऱ्या नागरी संघटना अशा साऱ्यांच्या सह्या होत्या. नागरिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. अंमलबजावणीवर न्यायालयाने नेमलेल्या निरीक्षकाची नजर होती. प्रशासनाने चालढकल केली तेव्हा न्यायालयाने त्याला जाब विचारला. पुढील वर्षांत पोलिसांच्या बळवापराच्या घटना घटल्या.

मग न्याय मिळाला का?

पूर्ण नाही. गोळी घालणारा पोलीस सप्टेंबर २००१ मध्ये निर्दोष सुटला. ज्या आईने मुलगा गमावला, तिला बैठकांनी काय दिले, हा प्रश्न उरतोच. संवाद हा खटल्याला पर्याय नाही आणि दुखावलेल्यांना गप्प बसवण्याचे साधन तर मुळीच नाही.

तरीही सिनसिनाटीने एक गोष्ट दाखवली. लोक बोलले म्हणून पोलीस बदलले नाहीत. लोकांचे म्हणणे करारात उतरले आणि तो मोडला तर न्यायालयात उत्तर द्यावे लागेल हे ठाऊक होते, म्हणून बदल झाला. यापुढे कुठेही दंगलीनंतर सलोख्याची बैठक बोलावली गेली, तर कोण आले यापेक्षा काय लिहून दिले आणि ते पाळले नाही तर कोण विचारणार, हे आधी पाहावे. त्याचे उत्तर नसेल तर ती बैठक म्हणजे निव्वळ चहापान.