सात की साठ?



शाळेत हॅम रेडिओचे, म्हणजेच हौशी रेडिओचे, केंद्र सुरू करावे ही सूचना मागच्या पालक-शिक्षक सभेत आली आणि तिचे सर्वांनी स्वागत केले, याचा आम्हांला आनंद आहे. नंतरची चर्चा मात्र एकाच मुद्द्यावर अडली. कोणत्या संचाचे 'नॉइज रिडक्शन' चांगले? कुणी २०१६ साली आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० चे नाव घेतले, कुणी याएसूचे, तर कुणी केनवुडचे. काहींनी मोबाइलवर व्हिडिओही दाखवले: बटण दाबले की खरखर गायब! पैसा शाळेचा, म्हणजे आपणा सर्वांचाच आहे, म्हणून आमचे मत येथे मांडतो.

आम्ही पदवीपर्यंत भौतिकशास्त्र हिंदीतून शिकलो. त्या पुस्तकांत 'संकेत-रव अनुपात' असा शब्द होता. संकेत म्हणजे आपल्याला हवा असलेला आवाज आणि रव म्हणजे नको असलेला. मराठीत रव म्हटले की पाखरांचा कलरव आठवतो. रेडिओत मात्र रव म्हणजे नुसती खरखर. संचाची परीक्षा या दोहोंच्या प्रमाणावर व्हायला हवी, नुसत्या शांततेवर नव्हे.

खरखर एका जातीची नसते, म्हणून संचावर तिच्यासाठी वेगवेगळी बटणे असतात. 'नॉइज ब्लँकर' हे स्कूटरच्या स्पार्क प्लगसारख्या क्षणिक ठिणग्यांसाठी असते. ठिणगीपुरता तो रेडिओचा कान क्षणभर बंद करतो. पावसाळ्यातल्या विजेचा कडकडाट बराच लांबतो, तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. 'नॉच' एकसुरी शिट्टी कापतो. 'नॉइज रिडक्शन' हे गणिताचे काम आहे. बोलण्याला लय आणि सूर असतात, खरखरीला नसतात. या फरकावरून यंत्र अंदाज बांधते आणि खरखर वाटेल ते दाबते. आयसी-७३०० वर याची पातळी ० ते १५ अशी बदलता येते. केनवुडच्या टीएस-५९० मालिकेत अशा दोन पद्धती दिलेल्या आहेत आणि दुसरी मुख्यतः मोर्सच्या टिकटिकीसाठी आहे.

अडचण 'अंदाज' या शब्दात आहे. आपल्या भाषेतले स, श हे वर्ण आणि ख, ठ, फ यांतला श्वासाचा फुत्कार यंत्राच्या दृष्टीने खरखरीसारखेच असतात. पातळी फार वाढवली की खरखरीबरोबर तेही पुसले जातात. कानाला शांत वाटते, पण 'साठ जण अडकले आहेत' याचे 'सात जण' होऊ शकते. मराठीत आणि हिंदीतही! व्हिडिओ पाहणारा शांततेला गुण देतो. शाळेने गुण द्यायचे ते बरोबर लिहून घेतलेल्या शब्दांना. तासन्‌तास ऐकताना डोके दुखू नये म्हणून हे बटण चांगलेच आहे. मात्र आराम आणि आकलन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. ३.५ किंवा ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर शहरात ऐकू येणारी खरखर बहुतेक वेळा संचाच्या पोटातली नसते, ती अँटेनातून येते. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर हे तिचे कारखाने. अशा वेळी महागड्या संचावर भिस्त ठेवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आधी इमारतीतली एकेक वस्तू बंद करून पाहावी, दोषी चार्जर बदलावा, तारांवर फेराइटची कडी चढवावी, अँटेना वर्गखोल्यांपासून दूर न्यावी. संचाच्या एस-मीटरवर एक पायरी म्हणजे ६ डेसिबल. खरखर चार पायऱ्या उतरली तर २४ डेसिबल, म्हणजे तिची शक्ती सुमारे २५० पट कमी! हे काम करताना एकही अक्षर पुसले जात नाही. मोर्स ऐकताना गाळणी २४०० हर्ट्झवरून २४० वर आणली तरी खरखरीची शक्ती दहापट घटते, आणि ती सोय साध्या संचातही मिळते.

तरीही संचांची तुलना करायची असेल, तर ती न्यायाने व्हावी. परवानाधारक मित्रांचे दोन-तीन संच एकाच अँटेनावर आळीपाळीने जोडावेत. वेळ एक, गाळणीची रुंदी एक, आवाजाची पातळी एक. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द आणि आकडे वाचले जावेत. कोणता संच चालू आहे हे न सांगता मुलांनी ते लिहून घ्यावेत, एकदा बटण चालू ठेवून आणि एकदा बंद करून. मग वह्या तपासाव्यात. ज्या संचावर चुका कमी, तो संच चांगला.

हा काटेकोरपणा कशासाठी, असे कुणी विचारील. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संदेश पोहोचवण्याचे काम केले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला रेडिओच्याच मोहिमेवर होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी सुखरूप असलेल्या लोकांची माहिती मुख्य भूमीवर कळवली. अशा वेळी एक नाव, एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी घरी चूल पेटत नाही. आणि आपण तर भोपाळकर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कोणत्या दिशेला पळायचे हे सांगणारा स्पष्ट आवाज या शहराला वेळेवर मिळाला नाही. त्याची किंमत येथल्या कित्येक घरांना माहीत आहे.

म्हणून आमची सूचना अशी: पहिला खर्च अँटेना आणि चांगल्या हेडफोनवर करावा, संच मध्यम किमतीचा घ्यावा. त्याआधी मुलांना परीक्षेला बसवावे. १९७८ च्या नियमांत परवान्यासाठी किमान वय १२ वर्षे ठेवले होते, म्हणजे सातवी-आठवीची मुले तयारीला लागू शकतात. आणि पहिल्या दिवसापासून त्यांना सवय लावावी, की 'साठ' म्हणून थांबायचे नाही. 'साठ, सहा शून्य' असे सांगायचे, समोरच्याकडून परत वदवून घ्यायचे आणि मगच पुढे जायचे. हे नॉइज रिडक्शन फुकट आहे आणि कोणत्याही संचावर चालते.

पालकांनी आपले मत शाळेच्या कार्यालयात लेखी कळवावे, ही विनंती.