बांधावरचा अडुळसा

झाडाची किंमत फळावरून किंवा लाकडावरून ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. या हिशेबात अडुळशाला स्थान नाही. घरात कोणाला खोकला झाला म्हणजे त्याची आठवण होते. एरवी बांध साफ करताना तो सरसकट तोडला जातो. ही रीत शेतीच्या हिताची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आंब्याच्या वा चिंचेच्या सावलीत पीक धड येत नाही. ती जागा उघडी राहते व पावसाने माती वाहून जाते. अडुळसा अशा विरळ सावलीत चांगला तग धरतो आणि बाराही महिने हिरवा असतो. त्याच्या कडू पाल्याला शेळीही सहसा तोंड लावीत नाही. म्हणून रोपांना निराळे कुंपण लागत नाही.

परंतु मोठा लाभ आहे तो फुलांचा. पावसाळी रानफुले संपल्यावर, हिवाळ्यात अडुळशाला पांढरे तुरे येतात. त्यांवर मधमाश्या व भुंगे जमतात, शिंजीर पक्षी मध पितात. काकडी, भोपळा, कारले यांच्या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. कीटकांनी पराग नेला नाही, तर मादी फुले गळून पडतात. उन्हाळी वेली फुलतील तेव्हा हे कीटक शिवारात हवे असतील, तर त्यांच्या पोटाची सोय आधीपासून केली पाहिजे.

“यातून पैसा काय मिळणार?” असे कोणी विचारील. अडुळसा पिकाच्या जागेत लावावयाचा नाहीच. पडीक सावली कामी आणावयाची आहे. छाटलेला पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडता येतो. मात्र त्याला काटे नसल्यामुळे रानडुकरे अडत नाहीत, हेही शेतकऱ्यांना सांगावे.

जून-जुलैमध्ये जून फांदीचे तीन-चार डोळ्यांचे, वीतभर लांब तुकडे घ्यावेत. दोन डोळे मातीत जातील असे ते दीड-दोन फुटांवर लावावेत. पाणी तुंबणारी जागा टाळावी. छाटणी फुलोरा संपल्यावरच करावी. फुलोऱ्याच्या दिवसांत जवळच्या पिकावर औषध फवारणे अगदी भाग पडल्यास, मधमाश्या परतल्यावर सायंकाळी फवारावे. गर्भवती स्त्रियांना अडुळशाचा काढा देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात निदान एका बांधावर ही लागवड करून दाखवावी. शंभर व्याख्यानांनी जे पटत नाही, ते एका फुललेल्या बांधाने पटेल.